प्रथिनांच्या विलगीकरणाचा प्रवास : टिसेलियसच्या नळीपासून सूक्ष्मप्रवाही चिपपर्यंत (महाराष्ट्रातील सिकलसेल संशोधनाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सजीवांच्या शरीरातील बहुतेक सर्व कार्ये प्रथिनांमार्फत घडतात. रक्त, दूध, लाळ किंवा पेशींचा अर्क यांपैकी कोणताही नमुना घेतला तरी त्यात अनेक प्रथिने एकत्र मिसळलेली असतात. त्यांतील एखाद्या प्रथिनाचा अभ्यास करावयाचा तर प्रथम ते इतरांपासून वेगळे करावे लागते. या कामासाठी विसाव्या शतकात जी तंत्रे विकसित झाली, त्यांत विद्युत्-संचारण, म्हणजेच प्रयोगशाळांत रूढ असलेल्या नावाने इलेक्ट्रोफोरेसिस, या तंत्राचे स्थान अग्रभागी आहे. विद्युत्‌भार असलेले कण विद्युत्‌क्षेत्रात ठेवले असता ते विरुद्ध भाराच्या अग्राकडे सरकतात आणि ज्याचा भार, आकार व आकारमान वेगळे त्याची गतीही वेगळी असते. या साध्या तत्त्वावर हे तंत्र उभे आहे.

आज हेच विलगीकरण बोटभर लांबीच्या चिपवर, केसाइतक्या बारीक वाहिनीत, काही मिनिटांत करता येते. या प्रवासाचे वर्णन बहुधा मोठ्या यंत्राकडून लहान यंत्राकडे झालेली सरळ रेषेतील प्रगती असे केले जाते. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोड्या वेगळ्या अंगाने मांडला आहे. यंत्राच्या आकारापेक्षा प्रथिने ज्या माध्यमातून धावतात त्या माध्यमाचा इतिहास अधिक बोलका आहे. कोणते माध्यम योग्य हे तंत्राच्या नवेपणावर ठरत नसून विचारलेल्या प्रश्नावर ठरते, हे या इतिहासातून दिसते. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने सिकलसेल आजाराच्या रूपाने पुढे आला. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांबरोबरच मुंबईतील परळ, नागपूर, नंदुरबार आणि गडचिरोली ही स्थळेही या इतिहासाचा भाग ठरतात.

मुक्त द्रावणातील विलगीकरण

विद्युत्‌दाबाखाली सूक्ष्म कण सरकतात हे निरीक्षण मॉस्को येथे फर्डिनांड रॉइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ओल्या मातीवर केलेल्या प्रयोगांत नोंदविले होते. तथापि प्रथिनांच्या अभ्यासासाठी त्याचा खात्रीलायक उपयोग होण्यास सव्वाशे वर्षे लागली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आर्ने टिसेलियस यांनी १९३० मध्ये या विषयावर प्रबंध सादर केला आणि १९३७ मध्ये सुधारलेले उपकरण प्रसिद्ध केले. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत प्रथिनांचे द्रावण व त्यावर प्रथिनरहित द्रावण भरले जाई आणि विद्युत्‌प्रवाह सुरू केल्यावर प्रथिनांच्या सरकणाऱ्या सीमा प्रकाशीय पद्धतीने टिपल्या जात. रक्तरसातील प्रथिने अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा व गॅमा ग्लोब्युलिन अशा गटांत विभागली जातात हे या उपकरणाने दाखविले. ही नावे आजही वैद्यकात रूढ आहेत. टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या उपकरणाचा खरा शत्रू उष्णता हा होता. द्रावणातून वीज वाहिली की ते तापते, तापलेला भाग हलका होऊन वर चढतो आणि या अभिसरणामुळे वेगळ्या झालेल्या सीमा पुन्हा मिसळतात. यावर टिसेलियस यांनी दोन उपाय योजले. नळीचा छेद गोल न ठेवता आयताकृती व अरुंद केला, म्हणजे उष्णता लवकर बाहेर पडेल. तसेच संपूर्ण प्रयोग सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला केला, कारण या तापमानाच्या आसपास पाण्याची घनता जवळजवळ स्थिर असते. शीतकरणाची व्यवस्था आणि प्रकाशीय सामग्री यांमुळे हे उपकरण एक अख्खी खोली अडवीत असे. शिवाय त्यात प्रथिने पूर्णपणे सुटी होत नसत, केवळ त्यांच्या सीमा दिसत. पुढील सर्व सुधारणा या दोन उणिवांवरील उत्तरे म्हणून पाहता येतात.

याच उपकरणाच्या साहाय्याने कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांनी १९४९ मध्ये एक युगप्रवर्तक निष्कर्ष मांडला. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात हे शिकागो येथील जेम्स हेरिक यांच्या १९१० मधील वर्णनापासून ज्ञात होते. पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखविले की रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी व्यक्तीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते आणि प्रत्येक रेणूवर दोन ते चार धनभार अधिक असावेत. वाहक व्यक्तींच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन एकत्र आढळले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी या आजाराची आनुवंशिकता स्पष्ट केली. आजाराचे मूळ एका रेणूच्या रचनेत असू शकते, ही कल्पना येथे प्रथमच प्रयोगाने सिद्ध झाली. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये हा फरक बीटा साखळीतील एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे दाखविले. ऋणभार असलेल्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी भाररहित व्हॅलिन आलेले असते. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन बीटा साखळ्या असल्याने एकूण दोन ऋणभार कमी होतात. पॉलिंग यांच्या अंदाजाशी हे सुसंगत होते.

माध्यमाचा शोध : कागद, खळ आणि कृत्रिम जेल

खोलीभर यंत्र प्रत्येक रुग्णालयाला परवडणारे नव्हते. १९५० च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी गाळणकागदाची पट्टी क्षारयुक्त द्रावणात भिजवून तिच्यावर प्रथिनांचा थेंब सोडण्याची पद्धत स्वीकारली. कागदाच्या तंतूंमुळे द्रवाचे अभिसरण थांबते. त्यामुळे प्रथिने सुट्या पट्ट्यांच्या रूपात स्थिरावतात आणि रंग देऊन डोळ्यांना दिसू शकतात. एक पेटी, विद्युत्‌दाब देणारे साधे उपकरण आणि कागद एवढ्या सामग्रीत हे काम होऊ लागले. मात्र कागदाला प्रथिने चिकटत आणि पट्ट्यांना शेपट्या फुटत.

१९५५ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चच्या जेलचा वापर सुरू केला. लहानपणी आईला कपड्यांना खळ घालताना त्यांनी पाहिले होते आणि थंड झाल्यावर खळीचा थुलथुलीत गोळा होतो हे त्यांच्या स्मरणात होते. स्टार्च शिजवून ओतलेल्या या जेलने अभिसरण तर थांबविलेच, शिवाय जेलमधील सूक्ष्म छिद्रे चाळणीप्रमाणे काम करू लागली. मोठे रेणू अडखळत व लहान रेणू पुढे जात. भारासोबत आकारमान हा विलगीकरणाचा दुसरा निकष अशा रीतीने उपलब्ध झाला आणि रक्तरसात पूर्वी न दिसलेली अनेक प्रथिने दिसू लागली. जनुकलक्ष्यी संशोधनासाठी २००७ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे स्मिथीज हेच होत.

१९५७ मध्ये लंडन येथील योआखिम कोन यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलाची शिफारस केली. हे पटल एकसारखे, प्रथिनांना कमी चिकटणारे आणि अल्प नमुन्यावर काम करणारे होते. रुग्णालयांतील हिमोग्लोबिन तपासणीचा ते दीर्घकाळ आधार राहिले. दुसरीकडे संशोधन प्रयोगशाळांत १९५९ मध्ये रेमंड व वाइन्ट्राउब यांनी ॲक्रिलामाइडपासून कृत्रिम जेल तयार केले आणि १९६४ मध्ये ऑर्नस्टीन व डेव्हिस यांनी त्यात पट्ट्या अधिक रेखीव करण्याची पद्धत मांडली. या जेलची छिद्रे रसायनांच्या प्रमाणानुसार हवी तशी लहान-मोठी करता येतात.

१९६७ ते १९७० या काळात त्यात सोडियम डोडेसिल सल्फेट या प्रक्षालकाची, म्हणजे साबणासारख्या द्रव्याची, भर पडली. हे द्रव्य प्रथिनाची घडी उलगडते व त्याच्या लांबीच्या प्रमाणात ऋणभार चढविते. परिणामी प्रथिनाचा मूळचा भार झाकला जातो आणि विलगीकरण केवळ आकारमानावर होते. केंब्रिज येथील उलरिख लेमली यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत जगभरच्या जीवरसायनशास्त्र विभागांत पाठ्यक्रमाचा भाग बनली आणि त्यांचा निबंध विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक ठरला. पुढील विवेचनासाठी यातील एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सिकलसेल हिमोग्लोबिन आणि सामान्य हिमोग्लोबिन यांच्या आकारमानात जवळजवळ फरक नाही, फरक आहे तो भारात. म्हणून अत्यंत प्रभावी अशी ही पद्धत सिकलसेलच्या प्रश्नावर मात्र मौन राहते.

परळ येथील प्रारंभ

भारतात सिकलसेल गुणाची पहिली प्रसिद्ध नोंद १९५२ मध्ये झाली. हर्मन लेहमन व मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासी समूहांत हा गुण दाखविला. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरता मर्यादित असल्याचा समज प्रबळ होता. पश्चिम भारतात या प्रश्नाचा पाठपुरावा मुंबईच्या परळ भागातील संशोधकांनी केला. या परिसरात टाटा स्मारक रुग्णालय, के. ई. एम. रुग्णालय आणि हाफकिन संस्था ही केंद्रे एकमेकांजवळ होती. येथेच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचे वर्णन केले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकर व एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्येच मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मानवी विविधतेच्या अभ्यासाची ही बैठक तयार असल्याने हिमोग्लोबिनच्या प्रकारांकडे वळणे स्वाभाविक होते.

पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी आणि जी. एन. व्यास यांनी १९५६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींमधील सिकलसेल गुणाची नोंद केली. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी 'लॅन्सेट' मध्ये मध्य भारतातील सिकलसेल गुणाविषयी लिहिले आणि विदर्भाकडे लक्ष वेधले. त्यानंतरच्या अभ्यासांतून भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा आदिवासी समूहांबरोबरच विदर्भातील काही अनुसूचित जातींच्या समूहांतही हा गुण असल्याचे स्पष्ट झाले. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्यातूनच पुढे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. हिमोग्लोबिनच्या विकारांच्या निदानात या संस्थेने देशभर मार्गदर्शकाची भूमिका बजावली.

या कामात विलगीकरणाचे महत्त्व काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ऑक्सिजन काढून घेतला असता पेशी वाकतात की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. एका विशिष्ट द्रावणात रक्त गढूळ होते की नाही हे विद्राव्यता चाचणीत पाहता येते. या दोन्ही चाचण्या 'सिकल हिमोग्लोबिन आहे' एवढेच सांगतात. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, याचे उत्तर त्या देत नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सुमारे ८.४ ते ८.६ पीएच असलेल्या द्रावणात सर्व हिमोग्लोबिन ऋणभारित होऊन धनाग्राकडे सरकतात. सामान्य हिमोग्लोबिन पुढे जाते आणि दोन ऋणभार गमावलेले सिकल हिमोग्लोबिन मागे राहते. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात, तर रुग्णाच्या नमुन्यात सामान्य हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एका कागदावरील पट्ट्यांची संख्या अशा रीतीने कुटुंबाच्या भवितव्याशी जोडलेली होती.

गोवंशाच्या रक्तातील विविधता

परळ येथील हे संशोधन मानवापुरते मर्यादित राहिले नाही. एस. एन. नाईक, सुकुमारन आणि संघवी यांनी १९६९ मध्ये 'हेरेडिटी' या नियतकालिकात भारतीय वशिंडधारी गोवंशातील हिमोग्लोबिनच्या बहुरूपतेवर निबंध प्रसिद्ध केला. गायी-बैलांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे 'ए' व 'बी' असे दोन प्रमुख प्रकार आढळतात आणि दोन्हींची जनुके सहप्रभावी असतात. म्हणजे एकाकडून 'ए' व दुसऱ्याकडून 'बी' मिळालेल्या वासराच्या रक्तात दोन्ही पट्टे दिसतात. युरोपीय गोवंशात 'ए' चे प्राबल्य असते, तर वशिंडधारी गोवंशात 'बी' चे प्रमाण लक्षणीय असते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात वसलेले काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात बैलाची पारख दात, शिंगे, खूर, वशिंड आणि चाल पाहून केली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली ही नजर अत्यंत सूक्ष्म असते. तथापि जनावराच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा प्रकार त्या नजरेच्या कक्षेबाहेरचा आहे. तो ओळखण्यास विलगीकरणच हवे. गोवंशातील हे दोन्ही प्रकार निरुपद्रवी असल्याने तेथे हा फरक वंशाच्या अभ्यासापुरताच राहतो. माणसात मात्र एका अमिनो आम्लाचा फरक जीवघेण्या वेदनांचे कारण होतो. पट्ट्यांची भाषा दोन्हीकडे एकच असून तिचा अर्थ सजीवाच्या जीवनसंदर्भात ठरतो, हे या दोन अभ्यासांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

काचेच्या चिपवरील जेल

१९८० नंतर विलगीकरणाच्या इतिहासाला नवे वळण मिळाले. स्वीडनमधील स्टेलान यार्टेन यांनी १९६७ मध्येच बारीक नळीत इलेक्ट्रोफोरेसिस करून दाखविले होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी सुमारे ७५ मायक्रोमीटर अंतर्व्यासाच्या केशनळीत हे तंत्र प्रभावीपणे वापरले. इतक्या बारीक नळीत द्रवाच्या घनफळाच्या तुलनेत भिंतींचे क्षेत्रफळ खूप मोठे असते. उष्णता क्षणात बाहेर पडते व अभिसरणाला वावच उरत नाही. म्हणून विद्युत्‌दाब अनेक पटींनी वाढविता येतो आणि वेळ तासांवरून मिनिटांवर येतो. टिसेलियस यांनी ज्या शत्रूशी शीतकरणाने झुंज दिली, त्याचा पराभव येथे केवळ आकार लहान करून झाला.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथे आन्द्रेआस मान्झ व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका सूक्ष्म यंत्रणेत सामावण्याची कल्पना मांडली. पुढील तीन वर्षांत जेड हॅरिसन व मान्झ यांनी काचेवर कोरलेल्या वाहिन्यांत इलेक्ट्रोफोरेसिस यशस्वी करून दाखविले. अशा चिपमध्ये दोन वाहिन्या एकमेकींना छेदतात. प्रथम एका वाहिनीतून नमुना ओढला जातो आणि नंतर विद्युत्‌दाबाची दिशा बदलून छेदबिंदूवरील अत्यल्प अंश दुसऱ्या, लांब वाहिनीत ढकलला जातो. झडप किंवा पंप लागत नाही, विद्युत्‌दाबच ते काम करतो.

प्रथिनांच्या बाबतीत हा मार्ग डी. एन. ए. पेक्षा अधिक खडतर ठरला. प्रथिने काचेच्या भिंतीला चिकटतात. भिंतीवरील भारामुळे संपूर्ण द्रवच वाहू लागतो. शिवाय प्रथिनांचे स्वरूप एकसारखे नसल्याने ती टिपणेही कठीण असते. भिंतींना बहुवारिकांचा लेप देऊन आणि वाहिनीत चाळणीचे काम करणारे जेल भरून यांवर मात करण्यात आली. १९९९ मध्ये सूक्ष्म वाहिन्यांतील प्रक्षालकयुक्त जेलमध्ये प्रथिनांचे विलगीकरण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ॲजिलंट व कॅलिपर या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या उपकरणासाठी पुढे प्रथिनांची चिपही उपलब्ध झाली आणि दहा नमुन्यांची तपासणी सुमारे अर्ध्या तासात होऊ लागली. २००४ मध्ये अमेरिकेतील सॅंडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत एमी हेर व अनूप सिंग यांनी अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने वाहिनीतच पॉलिॲक्रिलामाइड जेल घडविण्याची पद्धत प्रथिनांसाठी वापरली. लेमली यांच्या पद्धतीत जेल ओतणे, चालविणे, रंगविणे व धुणे यात दिवस जाई. तेच काम चिपवर मिनिटांत उरकू लागले.

येथे जेलच्या भूमिकेतील बदल नोंदविण्याजोगा आहे. स्मिथीज यांच्या काळात जेल दोन कामे करीत असे, अभिसरण रोखणे आणि आकारमानानुसार चाळणे. बारीक वाहिनीत पहिले काम भिंतीच करतात. त्यामुळे चिपमधील जेल केवळ चाळणी म्हणून उरले. ज्या प्रश्नाला चाळणीची गरज नाही त्याला जेलचीही गरज नाही, असा याचा अर्थ होतो.

चिपवर परतलेला कागद

सिकलसेलचा प्रश्न नेमका असाच आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुरकान व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'हीमचिप' मध्ये प्लास्टिकच्या लहान डबीत सेल्युलोज ॲसिटेटच्या कागदाची पट्टी बसविलेली असते. बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताचा अत्यल्प अंश तिच्यावर ठेवून विद्युत्‌दाब दिला की दहा मिनिटांच्या आत पट्टे दिसतात. हिमोग्लोबिन स्वतःच रंगीत असल्याने रंग देण्याची गरज भासत नाही. याचेच व्यापारी रूप 'गॅझेल' या नावाने पुढे आले. महाराष्ट्राला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, जबलपूर येथील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी त्याचे मूल्यमापन करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या उच्च क्षमतेच्या द्रव वर्णलेखनाशी या चिपचे निष्कर्ष मोठ्या प्रमाणात जुळले.

एकविसाव्या शतकातील चिपने १९५७ चे माध्यम स्वीकारावे, ही घटना तंत्रज्ञानाच्या सरळ रेषेतील प्रगतीच्या कल्पनेला छेद देते. काचेत कोरलेली वाहिनी व त्यातील जेल हे अधिक प्रगत असले तरी ते प्रथिनांचे आकारमान सांगते. सिकलसेलसाठी भारातील फरक पुरेसा असतो आणि तो कागदावरही दिसतो. शिवाय कागद स्वस्त असतो, तो तुटत नाही आणि त्याला सूक्ष्म वाहिनी तुंबण्याची भीती नसते.

मात्र जुन्या माध्यमासोबत त्याच्या जुन्या मर्यादाही चिपवर येतात. क्षारीय द्रावणात हिमोग्लोबिन 'डी' आणि सिकल हिमोग्लोबिन जवळजवळ एकाच जागी थांबतात. त्यांना वेगळे करण्यास आम्लधर्मी माध्यमातील दुसरी चाचणी लागते. एका पालकाकडून सिकल व दुसऱ्याकडून बीटा थॅलेसिमियाचे जनुक मिळालेल्या रुग्णात सामान्य हिमोग्लोबिन मुळीच नसेल, तर त्याचा पट्टा सिकलसेल रुग्णासारखाच दिसतो. तेथे हिमोग्लोबिन 'ए-२' चे प्रमाण आणि आई-वडिलांची तपासणी यांवरच निदान अवलंबून राहते. म्हणून चिपने प्रयोगशाळेचे अंतर कमी केले तरी प्रयोगशाळेची गरज संपविली नाही.

चाचणीनंतरचा प्रश्न

महाराष्ट्रातील अनुभव या मर्यादेला सामाजिक परिमाण देतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एस. एल. काटे यांनी नंदुरबार परिसरातील आदिवासींमध्ये सिकलसेलचे काम दीर्घकाळ केले आणि संशोधनाला उपचाराची जोड देण्याचा आग्रह धरला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात कामाच्या प्रारंभीच सिकलसेलचे अस्तित्व सिद्ध केले. परंतु लोकांच्या दृष्टीने ती त्यांची तातडीची गरज नव्हती, असे त्यांच्या ध्यानात आले. संशोधकाचा प्रश्न आणि लोकांचा प्रश्न यांतील हे अंतर त्यांनी स्वतःच्या लेखनातून व भाषणांतून प्रांजळपणे मांडले. त्या वेळी निदान झाले तरी पुढे देण्यासारखे फारसे काही नव्हते, ही वस्तुस्थितीही त्यामागे होती.

आज परिस्थिती बदलली आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते. लहान मुलांना पेनिसिलिन व लसीकरण यांद्वारे जीवघेण्या जंतुसंसर्गापासून वाचविता येते. त्यामुळे लवकर निदानाला आता खरा अर्थ प्राप्त झाला आहे. नवजात बालकात तर विलगीकरणाचे महत्त्व अधिकच आहे. जन्माच्या वेळी रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्राबल्य असते व सिकल हिमोग्लोबिन अल्प असते, म्हणून विद्राव्यता चाचणी फसवी ठरते. नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांच्या तपासणीचे जे काम झाले, त्यातही विलगीकरणावर आधारित पद्धतीच वापरल्या गेल्या.

या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर महाराष्ट्र शासनाने सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. गावपातळीवर विद्राव्यता चाचणी आणि ज्यांचा निष्कर्ष होकारार्थी येईल त्यांची इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चिती, अशी दोन टप्प्यांची रचना त्यात होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत.

दोन टप्प्यांच्या रचनेत पहिला टप्पा गावात आणि दुसरा दूरच्या रुग्णालयात असतो. पहिल्या थेंबानंतर दुसऱ्या निष्कर्षाची वाट पाहताना मजुरी बुडते, हंगामी स्थलांतर आड येते आणि अनेकदा निश्चित निष्कर्ष व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही. उपकेंद्रातच पट्टे दाखविणारी चिप हे अंतर मिटवू शकते. परंतु त्याच ठिकाणी, त्याच दहा मिनिटांत, 'वाहक' या शब्दाचा अर्थही समजावून द्यावा लागेल. वाहक हा रुग्ण नव्हे, हे स्पष्ट झाले नाही तर विवाहाच्या व्यवहारात त्या शब्दाचे रूपांतर कलंकात होते आणि त्याचा भार बहुधा मुलींवर पडतो. निष्कर्षाचा वेग वाढला म्हणून समुपदेशनाचा वेळ कमी करता येत नाही. रुग्ण म्हणून नोंद झालेल्या बालकासाठी औषधांचा अखंड पुरवठा नसेल, तर वेगवान निदान केवळ नोंदवहीची भर ठरेल.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. प्रथिनांच्या विलगीकरणाचा इतिहास हा प्रथम उष्णता व अभिसरण यांवर मात करण्याचा इतिहास आहे. कागद, खळ, कृत्रिम जेल आणि सूक्ष्म वाहिनी ही त्याच अडचणीवरील क्रमाक्रमाने आलेली उत्तरे होत. जेलयुक्त सूक्ष्मप्रवाही चिपने आकारमानानुसार होणारे विलगीकरण वेगवान व सुलभ केले. परंतु महाराष्ट्रासमोरचा सिकलसेलचा प्रश्न भारातील फरकाचा असल्याने तेथे चिपने सेल्युलोज ॲसिटेटचे जुने माध्यमच उपयोगात आणले. नव्या साधनाने जुने बाद होतेच असे नाही. साधनाची निवड प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते, ही बाब विज्ञानाच्या अध्यापनातही आवर्जून मांडण्याजोगी आहे.

१९५६ मध्ये परळ येथून पश्चिम भारतातील आदिवासींच्या रक्तातील सिकलसेल गुणाची नोंद झाली, तेव्हा तिचा उपयोग प्रामुख्याने विज्ञानाला झाला. सुमारे सात दशकांनंतर त्याच समूहांच्या गावांत चिप पोहोचू लागली आहे. ज्यांच्या रक्ताने ज्ञानात भर घातली त्यांना त्या ज्ञानाचा लाभ पूर्णपणे मिळणे अद्याप बाकी आहे. चिपच्या यशाचे मोजमाप तिच्यावर उमटलेल्या पट्ट्यांच्या रेखीवपणापेक्षा त्या पट्ट्यांच्या आधारे किती बालकांना वेळेवर औषध मिळाले व किती दांपत्यांना विचारपूर्वक निर्णय घेता आला, यावरूनच करावे लागेल.